मंत्र्याची खुर्ची कुठे असते?

[दृश्य : वॉशिंग्टन. रेबर्न इमारतीतली समितीची खोली. कॅमेरा वरच्या रांगेवरून हळूहळू खाली येतो.]

या खोलीत कोण कुठे बसलंय ते आधी बघून घ्या. समोर चढत्या रांगा आहेत. वरच्या रांगेत समितीचे ज्येष्ठ सदस्य, खालच्या रांगेत नव्यानं निवडून आलेले. या सगळ्यांच्या समोर, खाली, एक लांब टेबल. त्यावर मायक्रोफोन, पाण्याचा ग्लास आणि नावाची पाटी. अमेरिकेचा संरक्षणमंत्री असो की अर्थमंत्री, समितीपुढे आला की तो या टेबलाशी बसतो. साक्षीदार म्हणून.

[दृश्य : टेबलावरचा छोटा दिवा. हिरवा, पिवळा, मग लाल.]

प्रत्येक सदस्याला पाच मिनिटं मिळतात. आधी बहुमतातल्या पक्षाचा एक, मग अल्पमतातला एक, असं आळीपाळीनं. पहिल्यांदा निवडून आलेल्यालाही तेवढीच पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत समोरचा मंत्री त्याला बांधील असतो. जाणूनबुजून खोटं सांगितलं तर तो गुन्हा ठरतो.

आपल्याकडे मंत्री सभागृहातच बसतो, सत्ताधारी बाकांवर. खासदार नसलेल्याला मंत्री केलं तर सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं, नाही तर मंत्रिपद जातं. लंडनमध्येही मंत्री संसदेतलेच. अमेरिकेत नेमकं उलट आहे. तिथं विधिमंडळाचा सदस्य मंत्री राहूच शकत नाही. हिलरी क्लिंटन 2009 साली परराष्ट्रमंत्री झाल्या, त्याआधी त्यांना सिनेटची जागा सोडावी लागली. 2025 च्या जानेवारीत मार्को रुबिओंनाही तेच करावं लागलं.

[दृश्य : फिलाडेल्फिया. इंडिपेन्डन्स हॉल. हिरव्या कापडानं झाकलेली टेबलं, लाकडी खुर्च्या.]

हे ठरलं ते या दालनात. 1787 सालचा उन्हाळा. 25 मे ते 17 सप्टेंबर, बंद दाराआड, राज्याराज्यांचे प्रतिनिधी इथं राज्यघटना लिहीत होते. व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींनी जो पहिला आराखडा मांडला, त्यात देशाचा प्रमुख विधिमंडळानंच निवडायचा होता. हा मुद्दा त्या उन्हाळ्यात एकदा नाही, अनेकदा मंजूर झाला. म्हणजे आज आपण जिला संसदीय पद्धत म्हणतो, तिच्या अगदी जवळ अमेरिका जाऊन आली होती.

मग मागे का फिरली? भीती दोन्ही बाजूंनी होती. विधिमंडळानं निवडलेला प्रमुख पुन्हा निवडून येण्यासाठी विधिमंडळाचा मिंधा होईल, ही एक. दुसरी भीती त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीची होती. इंग्लंडचा राजा आणि त्याचे मंत्री खासदारांना पगारी पदं वाटत आणि त्या बदल्यात संसदेत मतं मिळवत. वसाहतींमधल्या या माणसांना ती उघड लाचखोरी वाटत होती. म्हणून राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदाच्या सहाव्या कलमात त्यांनी लिहून ठेवलं, की सरकारी पद धारण करणाऱ्या कुणालाही दोन्हीपैकी एकाही सभागृहाचं सदस्य राहता येणार नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला, काम संपत आलं असताना, एका समितीनं राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी निर्वाचकांची, म्हणजे फक्त या निवडीपुरत्या नेमलेल्या माणसांची, योजना पुढे आणली, आणि ती टिकली.

[दृश्य : कॅपिटॉलचा घुमट, सकाळचं ऊन. मग पायऱ्या उतरणारे सदस्य.]

त्या निर्णयाचे धागे आजही या इमारतीत दिसतात. प्रतिनिधिगृहात 435 सदस्य, मुदत दोन वर्षं. सिनेटमध्ये 100, मुदत सहा वर्षं. राष्ट्राध्यक्ष यांपैकी एकही सभागृह बरखास्त करू शकत नाही. सभागृहंही अविश्वास ठराव आणून राष्ट्राध्यक्षाला घरी पाठवू शकत नाहीत. महाभियोगाची वाट आहे, पण दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, आणि आजवर एकही राष्ट्राध्यक्ष त्या वाटेनं पदावरून गेलेला नाही.

सरकार पडायची भीती नाही, म्हणून सरकार वाचवायचं ओझंही नाही. इथल्या सदस्याला मोकळीक मिळते ती इथून.

[दृश्य : लांब मार्गिका. सदस्यांच्या कार्यालयांचे दरवाजे, बाहेर राज्यांचे झेंडे. पितळी पाट्या.]

या प्रत्येक दारामागे एक छोटं खातंच चालतं म्हणा ना. प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला 18 पूर्णवेळ कर्मचारी ठेवता येतात. त्यांत विधेयकांचा अभ्यास करणारे असतात, आणि मतदारसंघातल्या लोकांची कामं बघणारे असतात. यांपैकी एक कार्यालय बेळगावात वाढलेल्या मराठी माणसाचं आहे. श्री ठाणेदार 2022 साली मिशिगनमधून, डेट्रॉइटच्या भागातून निवडून आले. 2025 च्या एप्रिलमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचे आरोप दाखल केले. त्यांच्या स्वतःच्या पक्षाच्या नेत्यांना ते नको होतं. प्रकरण मतदानापर्यंत गेलं नाही. पण नेत्यांच्या मनाविरुद्ध पाऊल टाकलं म्हणून त्यांची जागा गेली नाही, आणि ती जाण्याची सोयच तिथल्या कायद्यात नाही. आपल्या लोकसभेत साधा अविश्वास ठराव दाखल करून घ्यायलाही 50 सदस्य उभे राहावे लागतात.

[दृश्य : प्रतिनिधिगृहातली लिपिकाच्या टेबलाजवळची लाकडी पेटी, संग्रहातलं चित्रण.]

ही पेटी. सदस्य आपलं विधेयक हिच्यात टाकतो आणि ते दाखल होतं. राष्ट्राध्यक्षाला मात्र यात कागद टाकता येत नाही. त्याला कायदा हवा असेल तर एखादा सदस्य गाठावा लागतो. आपल्या संसदेतलं चित्र यासमोर ठेवा : मंत्र्यानं आणलेलं ते सरकारी विधेयक, बाकी सगळी खासगी. स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त 14 खासगी विधेयकांचे कायदे झाले. त्यातलं शेवटचं 1970 साली.

[दृश्य : पुन्हा समितीची खोली. या वेळी सदस्यांपुढे विधेयकाचा मसुदा. हातात पेन्सिली, मागे वाकून कानात बोलणारे कर्मचारी.]

पेटीतून विधेयक येतं ते या खोलीत. बहुतेक विधेयकं इथंच संपतात. समितीच्या अध्यक्षानं हातात घेतलंच नाही तर पुढे काही होत नाही. जे घेतलं जातं त्याचं एकेक कलम वाचलं जातं. सदस्य दुरुस्ती मांडतो, दुसरा विरोध करतो, नावं पुकारून मतं घेतली जातात, आणि दुरुस्ती मंजूर झाली तर समिती तीच घेऊन सभागृहाकडे जाते. आपल्या स्थायी समित्यांना शिफारस करता येते, आणि ती स्वीकारायची की नाही हे मंत्रालय ठरवतं. एका बाबतीत मात्र आपण पुढे आहोत, तेही सांगायला हवं. संसदेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद 1967 पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. वॉशिंग्टनमध्ये समित्यांची अध्यक्षपदं बहुमतातल्या पक्षाकडेच जातात.

या खोलीत तुम्ही-आम्हीही बसू शकतो. मागच्या खुर्च्या जनतेसाठी आहेत, लोक सकाळपासून रांग लावतात. दिल्लीतल्या स्थायी समितीचं एकही दृश्य या माहितीपटात नाही, कारण त्या बैठका बंद दाराआड होतात. आणि आता तिथवर पोचणारी विधेयकंही कमी होत चालली आहेत. 2020 चे तीन शेती कायदे कुठल्याही समितीकडे गेले नाहीत. ज्यांच्या शेतीबद्दल ते होते, त्यांना समितीपुढे येऊन बोलायची संधी मिळाली नाही. पुढच्याच वर्षी ते कायदे मागे घ्यावे लागले.

[दृश्य : 1973. वॉटरगेट समितीचं जुनं चित्रण. सॅम अर्विन, हॉवर्ड बेकर.]

समितीची ताकद किती असू शकते, ते देशानं 1973 च्या उन्हाळ्यात दूरचित्रवाणीवर पाहिलं. वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कार्यालयात झालेल्या घरफोडीची चौकशी करणारी सिनेटची समिती, अध्यक्ष सॅम अर्विन. त्यांच्या शेजारी हॉवर्ड बेकर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याच पक्षाचे. राष्ट्राध्यक्षांना काय माहीत होतं आणि केव्हा कळलं, हा प्रश्न साक्षीदाराला बेकर यांनी विचारला. 16 जुलैला अलेक्झांडर बटरफिल्ड यांनी सांगितलं, की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातलं बोलणं ध्वनिफितीवर नोंदलं जातं. 9 ऑगस्ट 1974 ला निक्सन यांचा राजीनामा लागू झाला.

[दृश्य : भिंतीवरचं घड्याळ, त्यावरचे दिवे लागतात. घंटा. सदस्य भुयारी गाडीकडे धावतात.]

मतदानाची घंटा झाली की कार्यालयांच्या इमारतींतून सगळे असे निघतात. पक्षाचे प्रतोद इथंही आहेत. ते समजावतात, दबाव टाकतात, समितीतली जागा काढून घेऊ शकतात. जनतेनं दिलेली जागा त्यांच्या हातात नाही.

[दृश्य : 28 जुलै 2017. सिनेट, मध्यरात्रीनंतर. निवेदन थांबतं. मूळ आवाज.]

जॉन मॅकेन. ओबामांचा आरोग्यविमा कायदा मोडीत काढण्याचा त्यांच्याच पक्षाचा प्रस्ताव. 49 विरुद्ध 51. रिपब्लिकन पक्षातून विरोधात गेलेली तीन मतं : मॅकेन, सुसान कॉलिन्स, लिसा मर्कोव्स्की. दुसऱ्या दिवशी तिघंही सिनेटर होते.

[दृश्य : कॅपिटॉलभोवतीचे बंद अडथळे, 'बंद' लिहिलेल्या पाट्या.]

या मोकळिकीची किंमतही पडते. खर्चाची विधेयकं अडतात, सरकारी कचेऱ्या बंद होतात. 2025 च्या शरद ऋतूत सलग 43 दिवस बंद होत्या आणि लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थांबले.

[दृश्य : दिल्ली. संविधान सदन, म्हणजे जुनं संसद भवन. गोल खांबांची रांग.]

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दोन्ही पद्धती शेजारी ठेवून तोलल्या होत्या. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी सांगितलं, की अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त आणि जबाबदारी कमी, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त आणि स्थैर्य कमी. मसुद्यानं जबाबदारीला झुकतं माप दिलं. सरकारचा हिशेब निवडणुकीपुरता नको, सभागृहात रोज व्हावा : प्रश्नांतून, ठरावांतून, चर्चेतून. माझ्या मते ती निवड योग्य होती. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 अशा एका मतानं पडलं. तोही त्या हिशेबाचाच भाग होता.

पण रोजचा हिशेब विचारणार कोण? 1985 साली 52वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावं परिशिष्ट आलं. पक्षांतर रोखायला आणलेल्या या तरतुदीत व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या आदेशाविरुद्ध, मत देणाऱ्याची जागा जाऊ शकते, मग विधेयक शेतीचं असो की विम्याचं. संसदीय पद्धतीला याची गरज नाही. सप्टेंबर 2019 मध्ये ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाच्या 21 खासदारांनी सरकारविरुद्ध मत दिलं. पंतप्रधानांनी त्यांना संसदीय पक्षातून काढलं, पण ते खासदार राहिले.

[दृश्य : मुंबई, विधानभवन. फाटकाबाहेर वाहिन्यांच्या गाड्या.]

महाराष्ट्रानं 2022 पासून या परिशिष्टावरची लढाई विधानभवनापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत बघितली. गटच्या गट पक्षातून बाहेर पडले, ते या कायद्यानं थांबलं नाही. एकट्या आमदाराला मात्र आपल्या तालुक्याच्या पाण्यावरही पक्षापेक्षा वेगळं मत देताना जागेचा विचार करावा लागतो.

यावर उपाय 1990 सालीच सुचवला गेला होता. निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीनं सांगितलं, की अपात्रता दोनच प्रसंगांपुरती ठेवा : सदस्यानं स्वतःहून पक्ष सोडला तर, आणि सरकारवरच्या विश्वासाच्या मतदानात व्हिप मोडला तर. बाकीच्या विधेयकांवर खासदाराला आणि आमदाराला स्वतःचं मत द्यायला मोकळीक राहील. त्यासाठी अमेरिकेची राज्यघटना आणायला नको, एक घटनादुरुस्ती पुरेशी आहे. ती शिफारस आजही कागदावरच आहे.