सरांच्या नावाचा निधी

श्रोतेहो, नमस्कार.

आयुष्यभर शिकवलेल्या सरांच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवायची ठरली की वर्गणी जोरात जमते, आणि बहुतेक वेळा ती कुणा एकाच्या बचत खात्यात पडते. तिथेच घोळ सुरू होतो. शाळा चालवणारी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर पैसे तिच्याकडेच द्या. मात्र सोबत 'ही रक्कम अमुक शिष्यवृत्तीच्या कायम निधीसाठी' असं लेखी पत्र हवंच. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात त्यातून कौलं बदलली जातात.

आता हिशेब. पाच लाखांच्या ठेवीवर ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३५,००० रुपये येतात. ते सगळे वाटू नका. २५,००० वाटा, १०,००० मुद्दलात घाला. फी वाढत राहते. मुद्दल तेवढंच राहिलं तर दहा वर्षांनी त्या शिष्यवृत्तीत वह्यासुद्धा येणार नाहीत.

रक्कम कधी द्यायची? प्रथा स्नेहसंमेलनाची, म्हणजे डिसेंबर-जानेवारीची. फी भरायची असते जून-जुलैत. तोवर घरच्यांनी सावकाराकडून उचललेली असते. आणि पहिल्या नंबरालाच द्यायचा हट्टही सोडा. त्याला बक्षिसं मिळतातच. पैशांवाचून कुणाचं शिक्षण थांबेल, हे वर्गशिक्षकांना नेमकं ठाऊक असतं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने त्या मुलांच्या जेवणासाठी गेले. पण मुलं नुसती जेवली नाहीत. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वयंपाक करत, अंगमेहनतीची कामं करत. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' ते याच अर्थानं.

म्हणून शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांना नेतृत्वही शिकवायचं, तर एक दिवसाचं भाषण-शिबिर घेऊन भागत नाही (हार-तुऱ्यांतच अर्धा दिवस जातो). पाच जणांच्या निवड समितीत दोन जागा आधीच्या वर्षीच्या शिष्यवृत्तीधारकांना द्या. अर्ज तपासणं, खातेवही लिहिणं, सभेत हिशेब वाचणं त्यांच्याकडे. तिमाही व्याज ८,७५० यायला हवं, पासबुकात ७,८७५ दिसतं. उरलेले ८७५ कुठे गेले? संस्थेच्या इतर ठेवीही त्याच बँकेत असतील, तर बँकेनं कर कापलेला असतो; संस्थेला करसवलत असेल तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. हे शोधायला मुलांनाच बँकेत पाठवा. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून प्रश्न विचारणं तिथंच जमायला लागतं. सही मात्र विश्वस्तांचीच राहील.

ठेव करताना व्याज दर तिमाहीला खात्यात येईल असा पर्याय घ्या. संचयी ठेवीचं व्याज मुदत संपेपर्यंत हाती येत नाही, आणि मुदत नोव्हेंबरात संपत असेल तर जूनची फी पुन्हा उसनवारीवरच जाते.

नमस्कार.