करविलें, पण काय?

(दृश्य: विंध्यगिरीच्या पायऱ्या चढणारे यात्रेकरू. मग मूर्तीची पावलं, त्यांच्या बाजूला कोरलेली अक्षरं.)

श्रवणबेळगोळ, कर्नाटक. सुमारे ५७ फूट उंचीचा गोमटेश्वर, म्हणजे जैनांच्या बाहुबलींची मूर्ती. इथे आलेला जो तो मान वर करून चेहरा पाहतो. आपण खाली वाकू.

पायाशी नागरी लिपीत दोन ओळी आहेत. पहिली: 'श्रीचावुंडराजें करवियलें'. म्हणजे चावुंडराजाने, गंग राजांच्या मंत्र्याने, करविलें. मराठीच्या अगदी जुन्या लेखांत हिची गणना होते. पहिला मान हिचा की अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखाचा, हा वाद अभ्यासकांनी घालावा. आपल्याला पडलेला प्रश्न साधा आहे: करविलें, पण काय?

वाक्यात कर्मच नाही. शाळेच्या वहीत असं लिहिलं असतं, तर बाईंनी लाल शाईने गोल केला असता. पण इथे उभ्या असलेल्याला कुठे अडतच नाही. मान वर केली, की कर्म समोर! शेजारी हेच कानडी आणि तमिळमध्ये कोरलंय. तिथेही मूर्तीचं नाव नाही.

आता दुसरी ओळ: 'श्रीगंगराजे सुत्ताले करवियले'. गंगराज हा बाराव्या शतकातला, होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीचं बांधीव आवार. इथे मात्र वस्तूचं नाव घ्यावंच लागलं. मूर्तीच्या पायाशी नुसतं 'करविलें' म्हटलं, तर बघणारा मूर्तीकडेच बघणार. एक शब्द जास्तीचा कोरला, तेव्हा कुठे आवार दिसलं.

(दृश्य: किराणा दुकान. पाटी: 'आज रोख, उद्या उधार'.)

'हा', 'तो', 'इथे', 'आज' या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवरून आणि वेळेवरून ठरतो. जर्मन अभ्यासक कार्ल ब्यूलर यांनी १९३४ मध्ये अशा शब्दांचा मूळबिंदू सांगितला: मी, इथे, आत्ता. आमच्या वाण्याने ब्यूलर वाचलेला नाही, पण पाटी पक्की लावलीय. उद्या उधारी मागायला या, पाटीवर 'आज'च असणार. चावुंडराजाची ओळही अशीच, तिचा अर्थ जागेवरून ठरतो.

(दृश्य: पुन्हा मूर्तीची पावलं.)

पुस्तकात या लेखाचं छायाचित्र बहुतेकदा अक्षरांपुरतंच कापलेलं असतं. मग कर्मही कात्रीखाली जातं. आपण तसं करणार नाही.

(कॅमेरा अक्षरांवरून सावकाश वर: पायांवर चढलेला वेल, मांड्या, खांदे, चेहरा. निवेदन नाही.)