पन्नास वाव

मंडळी, आधी एक करा. दोन्ही हात आडवे ताणा. शेजाऱ्याच्या डोळ्यात बोट जाणार नाही एवढं बघा. या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत झाला एक वाव. आपल्याकडे जुने मच्छीमार पाण्याची खोली वावातच सांगतात. इंग्रजांचा फॅदम म्हणजे हाच, सहा फुटांचा. १९५३ साली स्वित्झर्लंडच्या ब्लांपां कंपनीने पाणबुड्यांसाठी घड्याळ काढलं, त्याचं नाव ‘फिफ्टी फॅदम्स’. म्हणजे चक्क ‘पन्नास वाव’, साधारण ९१ मीटर. रोलेक्सच्या सबमरीनरचा जन्मही त्याच सालचा.

आज सबमरीनरवर ३०० मीटर लिहिलेलं असतं. ओमेगाच्या सीमास्टर डायव्हरवरही ३००. ट्यूडरच्या पेलागोसवर ५००. हे आकडे मी एकदा धक्क्यावर एका म्हाताऱ्या तांडेलाला कौतुकाने सांगत होतो. त्याने मनात हिशोब केला आणि म्हणाला, “दीडशे वावाच्या वर? थंय काय हाडूक जातलस?” म्हणजे, तिथे काय आणायला जाणार?

याला उत्तर नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाठीमागे पर्यटकांना जिथे बुडी मारायला नेतात, तिथे पाच-सहा वाव पाणी असतं. हौशी पाणबुड्यांची मर्यादाच ४० मीटर. तेव्हा लाखांचं घड्याळ घ्यायला निघालात, तर खोलीच्या आकड्यावरून निवड करू नका. या वर्गातली सगळीच घड्याळं त्या परीक्षेत पास आहेत.

मग बघायचं काय? मी चावी बघतो. वेळ लावायची ती बाजूची चावी. पाणी शिरतं ते बहुतेक तिथूनच. चांगल्या डायव्ह वॉचला ती बाटलीच्या झाकणासारखी आट्यांवर फिरवून बंद करायची असते. आणि घड्याळ कितीही भारी असो, ती बंद करायची जबाबदारी आपली. वीसएक वर्षांपूर्वी मी तारकर्लीला पोहायला उतरलो. सकाळी तारीख बदलली होती, चावी तशीच सैल. बाहेर येऊन बघतो तर काचेच्या आतून धुकं. दुपारपर्यंत तबकडीवर मिठाचा ठिपका उमटला. मी स्वतःच घड्याळं दुरुस्त करणारा, बोलणार कोणाला?

आता ही बेझल, म्हणजे काचेभोवतीचं फिरतं कडं, ऐका. (माईकजवळ धरतो.) कट, कट, कट. ही एकाच दिशेने फिरते, डावीकडे. पाण्यात शिरताना त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, की किती मिनिटं झाली ते कड्यावर वाचता येतं. खडकाला धक्का लागून ती सरकलीच, तर झालेला वेळ जास्त दाखवेल, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, एवढंच. हल्ली पाणबुडे मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर बांधतात, पण ही युक्ती मला आजही आवडते. दुकानात गेलात तर हात ओले करून बेझल फिरवा. ओमेगाच्या सीमास्टरच्या कडेला उथळ खाचा आहेत, ओल्या बोटांतून ती निसटते. दिसायला देखणी, हे मान्य. सबमरीनरची पकड चांगली.

सीमास्टरला दहाच्या आकड्याजवळ आणखी एक चावी असते, हेलियम बाहेर सोडायची. समुद्रतळाच्या कामासाठी दिवसचे दिवस हेलियमभरल्या कोठडीत राहणाऱ्यांना तिचा उपयोग. आपण कोळंबीच्या हंगामात वापरणार नाही. ओमेगाचं खरं बळ मशीनमध्ये आहे, १५,००० गाउसपर्यंतच्या चुंबकाला ते दाद देत नाही (गाउस म्हणजे चुंबकाच्या जोराचं माप). फोनच्या कव्हरातलं चुंबक, साऊंडवाल्याचे स्पीकर... माझ्या टेबलावर ‘घड्याळ पुढे पळतंय’ म्हणून येणाऱ्यांत निम्मी चुंबकाने बिघडलेली.

रोलेक्सची दोन गोष्टींत सरशी. एक, ९०४एल पोलाद. इतर बहुतेक कंपन्या ३१६एल वापरतात, तेही वाईट नाही. पण त्या घड्याळांचं मागचं झाकण उघडलं की आट्यांत घाम नि मीठ बसून पडलेले बारीक खड्डे मी बघतो. दुसरी, पट्ट्याचा हूक. हत्याराशिवाय दोन-दोन मिलिमीटरने सैल होतो. मे महिन्यात दुपारी मनगट फुगतं तेव्हा त्याची किंमत कळते. पण दुकानात जाऊन लगेच मिळेल, या भरवशावर राहू नका.

स्वतःच्या पैशाने घ्यायचं तर मी पेलागोस घेईन. टायटॅनियमचं आहे, खाऱ्या हवेला भीक घालत नाही, वजनाने हलकं, आणि किंमत रोलेक्सच्या निम्म्याच्या आसपास. ब्लांपां पाच दिवस न बांधता चालतं, खरं आहे, पण त्या पैशात होडी येते. (हशा.)

कोणतंही घ्या, आतलं पाणी अडवणारं रबर म्हातारं होतंच. पाण्यात उतरणार असाल तर वर्षातून एकदा दाबाची तपासणी. समुद्रातून आल्यावर आधी चावी घट्ट आहे ना ते बघायचं, मग गोड्या पाण्यात धुवायचं. साबण लावून गरम पाण्याने आंघोळ घालू नका.

मागून चिठ्ठी आली आहे: “तुमच्या हातात आत्ता कोणतं?” तेच. तारकर्लीचं. मशीन बदललं, तबकडी तशीच ठेवली. चारच्या आकड्यापाशी तो ठिपका अजून आहे, नंतर पुढे येऊन बघा.