रसाला पाणी समजू नका

[दृश्य: मिलच्या रोलरखाली पडणारा रस]

हिरवट, मातकट, वर फेस. गव्हाणीतला ऊस पिळून निघालेला हा रस साधारण 35 अंशांवर आहे. हीटरमधून तो 70 अंशांवर जाईल, चुना आणि गंधकाचा धूर घेईल आणि पुन्हा तापून शंभरीच्या थोडा पुढे पोचेल.

[दृश्य: ज्यूस हीटर, उघडं झाकण, नळ्यांची तोंडं]

नळ्यांत रस, बाहेरून वाफ. नळ्या किती घालायच्या, हे ठरायच्या आधी एक आकडा लागतो: किलोभर रस एक अंशानं तापवायला उष्णता किती? दहावीतली विशिष्ट उष्माधारकता. पाण्याची 1 किलोकॅलरी. रस म्हणजे बहुतेक पाणीच, म्हणत कागदावर 1 लिहून मोकळं होता येतं. आमचं भांडण इथेच आहे.

[दृश्य: लॅब. रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब]

ब्रिक्स 15, म्हणजे 100 ग्रॅम रसात 15 ग्रॅम विरघळलेला ऐवज, बहुतेक साखर. साखर कारखान्यांत एक सोपं सूत्र चालतं: ब्रिक्सला 0.006 नं गुणा आणि 1 मधून वजा करा. उत्तर 0.91. पण रसाची शुद्धता (विरघळलेल्या ऐवजात साखरेचा वाटा) आणि तापमान यांनीही आकडा थोडा हलतो, आणि ते या सूत्रात नाही. म्हणून मोजायचं.

[दृश्य: दुहेरी भिंतीचं भांडं, हीटर, ढवळणी, थर्मामीटर]

100 वॅटचा हीटर, 5 मिनिटं, म्हणजे 30,000 ज्यूल. एवढ्यात किलोभर पाणी सुमारे 7.2 अंश चढतं, हा रस 7.9. सगळा खेळ या पाऊण अंशाचा. भांडंही उष्णता खातं, म्हणून त्याच भांड्यात आधी नुसतं पाणी तापवून त्याचा वाटा काढून ठेवला आहे. आणि रस आधी गार का केला? खोली 30 अंशांवर. सुरुवात 26 ला, शेवट 34 ला. पहिल्या निम्म्यात खोलीकडून जेवढं येतं, जवळपास तेवढंच दुसऱ्या निम्म्यात परत जातं. उष्णतेचा अभ्यास करणाऱ्या रम्फर्ड या शास्त्रज्ञाची ही युक्ती दोनशे वर्षं जुनी आहे, आणि फुकट.

[दृश्य: वहीतला हिशेब]

तासाला 100 टन रस, 35 अंशांची वाढ. पाणी धरलं तर 35 लाख किलोकॅलरी, रस धरला तर 31 लाख 85 हजार. फरकाची वाफ आणि नळ्या उगाच.

[दृश्य: रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमधून आलेला दाट, तपकिरी पाक]

पाकाचा ब्रिक्स 60. सूत्र म्हणतं 0.64. इथे 1 लिहिला, तर हिशेब दीडपटीच्या वर जातो. भांडं धुऊन झालं आहे. ढवळणी आता जड फिरते.