टँटलसचं तळं

तर मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'मोहासाठी इंग्रजी विशेषणं', आणि मी चार शब्द कबूल केलेत, पण खरं सांगू का, मला बोलायचंय एकाच शब्दावर, टँटलायझिंग. डिक्शनरी उघडा, अर्थ दिलेला असतो 'मोहक, भुरळ पाडणारा', झालं, पुढचा शब्द. हा माझा जुना राग आहे. अरे तिकडे एक माणूस जन्माची, म्हणजे मेल्यानंतरची, शिक्षा भोगतोय आणि तुम्ही मोहक काय म्हणता!

हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो ग्रीक पुराणातला टँटलस राजा, देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा, म्हणजे वशिला थेट वरपर्यंत. देवांच्या पंगतीला बसायचा. कोणी म्हणतं याने तिथलं अमृत चोरून माणसांना वाटलं, कोणी म्हणतं देवांची गुपितं फोडली, पण सगळ्यात भयंकर कथा म्हणजे देवांना खरंच सगळं कळतं का ते बघायला याने पोटचा पोरगा पेलॉप्स कापून, शिजवून त्यांच्या पानात वाढला. देवांनी ओळखलं, कोणी शिवलं नाही, फक्त डिमिटर देवी, तिची लेक हरवलेली, तिचं लक्ष कुठे होतं जेवणात, तिने खांदा खाल्ला. मग पोराला जिवंत केलं आणि खांदा बसवला हस्तिदंताचा. हसताय काय, पार्ट ओरिजिनल मिळाला नाही त्यांना!

आता शिक्षा. ग्रीक कवी होमरच्या ओडिसी महाकाव्यात ११व्या सर्गात आहे. म्हातारा हनुवटीपर्यंत पाण्यात उभा, घसा कोरडा, प्यायला वाकला की पाणी गडप, पायाशी नुसती काळी माती. डोक्यावर डाळिंबं, अंजिरं लगडलेली, हात वर केला की वारा येऊन फांद्या पार ढगांत उडवतो. आणि गंमत म्हणजे गुन्हा काय हे होमर सांगतच नाही.

सायन्सवाले बसलेत म्हणून सांगतो, १८०२ साली स्वीडनच्या एकेबर्ग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला एक धातू सापडला, त्याचं ऑक्साइड ॲसिडात बुडवलं तरी ॲसिड काही घेईना, म्हणून नाव टँटलम. पुढे त्याच्यासारख्याच दुसऱ्या धातूला टँटलसच्या मुलीचं, नायोबीचं नाव मिळालं, आणि आवर्तसारणीत नायोबियम बरोबर टँटलमच्या वर, लेक बापाच्या डोक्यावर.

चिठ्ठी आली वाटतं. पाच मिनिटं? बरं, भराभर. टेम्प्टिंगच्या मुळाशी लॅटिनमधलं चाचपणं, पारखणं. अल्युरिंगमध्ये ल्युअर आहे, उडवलेल्या ससाण्याला परत बोलवायचा पिसांचा झुबका. एन्टायसिंगमध्ये बहुतेक जळतं लाकूड, म्हणजे आग लावणं. तर या तिघांत वस्तू मिळू शकते, घ्यायची की नाही ते तुमच्यावर, टँटलायझिंगमध्ये हातातोंडाशी येते आणि मिळत नाही, एवढाच माझा मुद्दा होता, म्हणून जाहिरातीत 'टँटलायझिंग ऑफर' लिहिणारा चुकून खरं बोलतो. अजून एक राहिलं, इंग्लंडात दारूच्या कुलूपबंद स्टँडला टँटलसच म्हणतात, बाटल्या समोर दिसतात, किल्ली मालकाच्या खिशात. हो हो, थांबलो.