जुन्या फायबरग्लास बोटीचा तळ खरंच 'रीइनफोर्स्ड' आहे का? कसं ओळखायचं

नमस्कार मंडळी. जुनी छोटी मोटरबोट विकायला निघाली की जाहिरातीत एक शब्द हमखास येतो: 'रीइनफोर्स्ड हल', म्हणजे जादा मजबूत केलेलं बोटीचं कवच. विकणाऱ्याला विचारा, नेहमीपेक्षा नेमकं जास्त काय आहे? बहुतेक वेळा तो तळावर एक सणसणीत थाप मारून दाखवतो. त्या थापेवर जाऊ नका. बाहेर दिसतो तो जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा, आणि साध्या बोटीवरही तो असाच चमकतो.

बोट साच्यात घडते. साच्याला चिकटलेली बाहेरची बाजू गुळगुळीत निघते, आतली मात्र कारागिराने सोडली तशीच राहते. म्हणून आपण आत शिरायचं. बॅटरीखालचा कप्पा, नांगराच्या दोरीचा लॉकर, बिल्ज (आतली सगळ्यात खालची, पाणी साचणारी जागा). टॉर्च तिरका धरा.

(टॉर्च तिरका धरून दाखवतो)

गोणपाटासारखी जाड चौकोनी वीण दिसली तर ते वोव्हन रोव्हिंग, म्हणजे हाताने अंथरलेलं कापड. वीण नाही, नुसते आखूड तंतू वाटेल तसे पसरलेत? मग ती मॅट, नाहीतर चॉपर गनने (काचेचे तंतू कापून फवारणारं यंत्र) रेझिनसोबत (तंतू जखडून घट्ट होणारा चिकट द्रव) फवारलेले तुकडे. गनचं काम वाईटच असतं असं नाही, पण जाडी फवारणाऱ्याच्या हातावर ठरते आणि रेझिनचं प्रमाण चढतं. मॅटच्या थरात वजनाने साधारण 30 टक्के काच असते, रोव्हिंगमध्ये 45 ते 50. त्यामुळे 'जुनी बोट जाड, म्हणून मजबूत' हे मला अर्धवट वाटतं. नुसत्या रेझिनची जाडी काय कामाची?

आता मुद्द्याची जागा: कापलेली कड. ड्रेन प्लग (पाणी काढायच्या भोकाचं बूच) काढा, जुन्या फिटिंगचं भोक शोधा, त्यात डोकवा. सलग, हिरवट किंवा मधासारख्या रंगाची काच दिसली तर सॉलिड लॅमिनेट, म्हणजे मध्ये गाभा नसलेले भरीव थर. दोन पातळ थरांच्या मध्ये लाकूड आणि त्याचे रेषे तळाला काटकोनात उभे असतील, तर एंड-ग्रेन बाल्सा. बारीक छिद्रांचा हलका गाभा म्हणजे फोम. बाल्सा चांगला ताठपणा देतो, पण पाण्याखाली एखादा स्क्रू नीट सील न करता ठोकलेला असेल तर तिथून कुजायला सुरुवात होते.

जादा थर घातलेत का, हे कॅलिपरने (जाडी मोजायचं साधन) कळतं. पण कील (तळाच्या मधोमध जाणारा कणा) आणि बाजू यांची आपापसात तुलना करू नका, कील साध्या बोटीतही जाडच असते. त्याच मॉडेलच्या साध्या बोटीत त्याच जागी माप घ्या. असे थर सहसा कीलवर, चाइनच्या (तळ आणि बाजू मिळतात ती धार) कडेला आणि ट्रान्समच्या (बोटीची मागची सपाट भिंत) कोपऱ्यांत घालतात.

कोणी 'केव्लार (एक अतिशय मजबूत कृत्रिम तंतू) आहे' म्हणालं तर आधी बोटीचं साल विचारा. ड्युपाँट या रसायन कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी तो तंतू 1965 मध्ये शोधला, बाजारात आला सत्तरच्या दशकात. साठच्या दशकातल्या बोटीत मूळचा केव्लार? विसरा. असला तर रंग सोनेरी पिवळा, आणि कापलेल्या कडेला लव सुटलेली दिसते.

बॉस्टन व्हेलर या अमेरिकी बोटींची गोष्ट वेगळी. रिचर्ड फिशर यांनी 1958 मध्ये 13 फुटी बोट आणली, बाहेरचं आणि आतलं कवच, मध्ये फोम. अशा बोटीत डोकवायला जागाच नसते. तिथे वजनकाटा कामाला येतो: ट्रेलर, इंजिन, इंधन वजा करा आणि त्या सालच्या माहितीपत्रकातल्या हलच्या वजनाशी ताडून पाहा. जास्त भरलं तर लगेच खूश होऊ नका. जादा काच असेल, किंवा फोममध्ये मुरलेलं पाणी. ड्रेनमधून पाणी झिरपत राहतंय का बघा, ओलावा मीटर लावा. मात्र धातूचं फिटिंग किंवा तांबं असलेला तळाचा रंग या मीटरला सहज फसवतो.

साल कुठून कळेल? अमेरिकेत 1 नोव्हेंबर 1972 पासून बांधलेल्या बोटींना 12 अक्षरं-अंकांचा हल क्रमांक असतो, ट्रान्समवर उजव्या बाजूला. त्यातून कारखाना आणि साल निघतं, थर नाही.

स्ट्रिंगर (तळाला आतून ताठ ठेवणाऱ्या लांब पट्ट्या) आणि ट्रान्सम वेगळे तपासा. तळाला जादा काच घातलेली असली तरी या दोन्हींच्या आत बऱ्याचदा प्लायवुडच असतं. छोट्या प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा. टणक आवाज अचानक बद्द झाला, तिथे आत लाकूड कुजलेलं किंवा थर सुटलेले असू शकतात; खडूने खूण करा.

(हातोडीने ठोकत जातो, आवाज बदलतो तिथे थांबतो)

एवढं करूनही संशय उरला तर बारीक भोक पाडून बघता येतं. ते आतून, पाण्याच्या रेषेच्या वर, मालकाच्या लेखी परवानगीनेच, आणि लगेच इपॉक्सीने भरून टाका.