‘कॉल ऑफ’ आणि आपलं ‘करून राहिलो’

मंडळी, काटोलच्या एका मुलीपासून सुरुवात करतो. तिची नागपुरात मुलाखत होती. आदल्या संध्याकाळी मोबाईलवर संदेश आला : ‘इंटरव्ह्यू हॅज बीन कॉल्ड ऑफ.’ ‘कॉल’ म्हणजे बोलावणं, हे तिला पक्कं ठाऊक. पहाटेची एसटी धरून ती आली, बर्डीवरून चालत ऑफिस गाठलं, तर दाराला कुलूप. मुलाखत रद्द झाली होती. माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. “सर, दोन्ही शब्द मला येत होते हो,” हेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

खरंच येत होते. ‘कॉल’ येत होता, ‘ऑफ’ही येत होता. दोघं शेजारी बसले की तिसराच अर्थ होतो, हे तिला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश काढला. क्रियापदामागे जोडल्या जाणाऱ्या या शब्दांमुळे परकीयांची फार अडचण होते, असं त्याने प्रस्तावनेतच नोंदवलंय. म्हणजे ही अडचण जुनी आहे आणि ती मान्य करण्यात लाज नाही.

आता आपल्या विदर्भातल्या घरात बघा. “काय करून राहिली?” “स्वयंपाक करून राहिली.” इथे कोण कुठे राहिलं? कुणीच नाही. ‘राहणे’ने आपला मूळ अर्थ सोडला आणि काम चालू असल्याची खूण तेवढी केली. बाहेरगावचा पाहुणा ‘मी जाऊन राहिलो’ ऐकून गोंधळतो, हा जातोय की राहतोय? आपलं दोन वर्षांचं पोर गोंधळत नाही. आणखी एक घ्या. पैसे ‘देऊन टाकले’ म्हणजे कटकट मिटली. ‘देऊन ठेवले’ म्हणजे पुढची सोय केली. ‘देऊन बसलो’ म्हटलं की पस्तावा आलाच. देणं एकच, पण मागच्या शब्दाने मन दाखवलं.

इंग्रजीत हेच काम ‘अप’, ‘ऑफ’, ‘ऑन’ करतात. ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक, ‘टिअर अप’ म्हणजे फाडून टाक. पुष्कळ ठिकाणी ‘अप’ला आपलं ‘टाकणे’ चपखल बसतं. ‘रीड ऑन’ म्हणजे वाचत राहा. ‘ऑफ’मध्ये तुटण्याचा, दूर जाण्याचा भाव आहे : ‘कट ऑफ’ तोडणे, ‘पुट ऑफ’ पुढे ढकलणे. ‘कॉल ऑफ’ त्याच घरातलं. मात्र ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. तिथे ‘अप’ची फोड करत बसू नका, अख्खं पाठ करा.

वाक्प्रचारांचं तंत्र वेगळं. त्यांच्या मागे बहुधा एखादं चित्र असतं, ते दिसलं की अर्थ विसरत नाही. ‘स्टिकी विकेट’ घ्या. पूर्वी पावसात खेळपट्टी झाकत नसत. मग ऊन पडून ती वाळू लागली की चेंडू कधी उसळे, कधी खाली राही, आणि फलंदाजाची पंचाईत होई. त्यावरून अवघड प्रसंगात सापडणं म्हणजे ‘स्टिकी विकेट’वर असणं. नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमवर सामना बघणाऱ्यांना हे जास्त सांगायला नको.

जाता जाता एक बारकावा, कारण चुका इथेच फार होतात. ‘कॉल ऑफ द मीटिंग’ चालतं, ‘कॉल द मीटिंग ऑफ’ही चालतं. पण मीटिंगच्या जागी ‘इट’ आलं की ते मधेच बसतं : ‘कॉल इट ऑफ’. ‘कॉल ऑफ इट’ कुणी म्हणत नाही. उलट ‘लुक आफ्टर’ची जोडी फुटत नाही, आजीची काळजी घ्यायची तर ‘लुक आफ्टर हर’च. काटोलच्या त्या मुलीने मला मागच्या महिन्यात आपली वही दाखवली. पहिल्या पानावर तिने लिहिलं होतं : ‘दे कॉल्ड इट ऑफ.’ ‘इट’ अगदी जागेवर होतं.